गुण वस्तूचा की वाटणीचा?

प्रस्तावना

नेदरलंड्सच्या पूर्व सीमेवर, जर्मनीतील ग्रोनाउ गावापर्यंत सायकलने सहज जाऊन येता येईल इतक्या अंतरावर, एनस्खेडे हे शहर वसले आहे. त्वेंते परगण्यातले हे शहर एकोणिसाव्या शतकात सुती कापडाच्या गिरण्यांवर वाढले. १८६२ च्या मे महिन्यात लागलेल्या आगीत त्याचा बहुतेक भाग भस्मसात झाला, तरी गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या, आणि डच ईस्ट इंडीजच्या हुकमी बाजारपेठेच्या बळावर जी समृद्धी आली ती, वसाहत हातची गेल्यावर व स्वस्त परदेशी कापडाची आवक सुरू झाल्यावर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाहता पाहता ओसरून गेली. लालबाग-परळची हयात आणि अखेर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. गिरण्यांची धुराडी थंड होत असतानाच १९६१ मध्ये येथे तंत्रविद्येचे उच्च विद्यालय स्थापन झाले, तेच आजचे त्वेंते विद्यापीठ. १९७१ मध्ये हवाई छायाचित्रांवरून भूमापन शिकवणारी आयटीसी ही संस्था डेल्फ्टहून येथे आली, आणि तिच्या निमित्ताने भारतीय विद्यार्थ्यांचा, त्यांत मराठी विद्यार्थ्यांचाही, या गावाशी संबंध जडला. व्रेडेस्टाइन टायरचा कारखाना येथे १९४६ पासून. तो २००९ मध्ये आपल्या अपोलो टायर्सने विकत घेतला, आणि २०२६ च्या उन्हाळ्यापर्यंत येथील उत्पादन थांबवण्याचा मनोदय त्याच कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केला. ग्रोल्श बिअरची भट्टीही याच शहराच्या हद्दीत.

कापड, टायर आणि बिअर या तीन वस्तूंत समान असे काही असेल तर ते एवढेच, की तिन्हींच्या गुणदोषांचे परीक्षण सतत चाललेले असते, आणि तिन्हींच्या बाबतीत परीक्षणाचा निष्कर्ष भलत्याच कारणाने चुकू शकतो. ते भलते कारण हाच या पुस्तकाचा विषय आहे. दोन वस्तूंची तुलना करावयास बसलेला माणूस वस्तुतः कधीच केवळ दोन वस्तूंची तुलना करीत नाही. एक वस्तू ज्या हातांत, ज्या ऋतूत, ज्या जागी पडली ती सगळी परिस्थिती एका पारड्यात आणि दुसरीची सगळी परिस्थिती दुसऱ्या पारड्यात, असे ते वजन होत असते. या परिस्थितीतला जो घटक वस्तूच्या वाटपाशीही निगडित असतो आणि परिणामाशीही, त्याला संख्याशास्त्रात संभ्रमकारी घटक म्हणतात. तो दावेदार म्हणून कधी समोर येत नाही. दाव्यात त्याचे नाव नसते, कैफियत तो देत नाही, आणि निवाडा मात्र बहुधा त्याच्याच बाजूने लागतो. ज्या घरी डाळ लवकर शिजते त्या घरची डाळ चांगली, असे म्हणण्यापूर्वी त्या घरच्या विहिरीचे पाणी किती जड आहे हे विचारावे लागते, कारण जड पाण्यात उत्तम डाळही दीर्घकाळ कडक राहते. एवढा व्यवहार आपल्या घरोघरी ठाऊक आहे. मात्र अहवाल छापील असला, त्यात कोष्टके असली, म्हणजे हाच साधा प्रश्न विचारण्याचे आपण विसरतो.

आरंभी टायरचेच उदाहरण घेऊ, कारण त्यात घोटाळा कसा शिरतो हे हाताने दाखवता येते. चार कंपन्यांचे टायर आहेत आणि कोणता कमी झिजतो हे ठरवावयाचे आहे. चार मोटारी घेतल्या, पहिलीला पहिल्या कंपनीचे चारही टायर चढवले, दुसरीला दुसऱ्या कंपनीचे, असे करून त्या काही हजार किलोमीटर पळवल्या आणि खाचांची खोली मोजली. मोजमाप सूक्ष्म आहे, अंतर भरपूर आहे, नोंदवही स्वच्छ आहे. आणि एवढे सारे करूनही हाती काहीच आलेले नाही. कारण पहिली मोटार जर जड असेल, किंवा तिचा चालक वळणावर जोरात ब्रेक दाबणारा असेल, तर तिच्या टायरची झीज ही कंपनीची की मोटारीची हे सांगणे कोणालाही, कितीही गणित करूनही, शक्य नाही. कंपनी आणि मोटार ही दोन नावे या प्रयोगात एकाच गोष्टीची झाली आहेत. आणखी शंभर वेळा त्याच चार मोटारी पळवल्या तर चुकीच्या उत्तरावरचा आपला विश्वास मात्र शंभरपट दृढ होईल.

मग प्रत्येक मोटारीला चारही कंपन्यांचा एकेक टायर चढवावा, असे सुचते. सूचना योग्य आहे, पण पुरी नाही. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या मोटारीत पुढचे टायर मागच्यांपेक्षा लवकर झिजतात हे प्रत्येक गॅरेजवाल्यास ठाऊक असते. आणि एनस्खेडेसारख्या गावात, जेथे चौकाचौकांत वर्तुळाकार रस्ता आहे आणि वाहतूक उजवीकडून चालते, तेथे मोटार वर्तुळाला डावीकडे वळत राहते व भार उजव्या बाजूच्या टायरांवर येतो. आपल्याकडे वाहतूक डावीकडून असल्याने हाच भार डाव्या टायरांवर पडेल. तेव्हा पहिल्या कंपनीचा टायर चारही मोटारींना उजव्या पुढच्या चाकालाच चढवला, तर मोटारीचा घोटाळा गेला आणि चाकाच्या जागेचा आला. म्हणून अशी मांडणी करतात की प्रत्येक कंपनीचा टायर प्रत्येक मोटारीवर एकदा आणि प्रत्येक जागी एकदा येईल. चार ओळी व चार स्तंभ यांच्या या चौकटीस लॅटिन चौरस म्हणतात, आणि कोणती कंपनी कोणत्या खुणेची हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. अमेरिकेत टायरच्या झिजेची प्रतवारी करताना टेक्सासमधील सॅन अँजेलो येथील ठरावीक मार्गावर मोटारींचा ताफा एकत्र काढण्याची जी पद्धत आहे, ज्यात ८०० मैल टायर रुळवण्यासाठी आणि पुढचे ६,४०० मैल मोजणीसाठी धावतात, आणि ज्या ताफ्यात तुलनेचा ठरावीक टायरही सोबत धावत असतो, तिच्यामागे हाच विचार आहे: ऊन पडले तर सर्वांवर पडावे, पाऊस आला तर सर्वांवर यावा.

युरोपात २०१२ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक नव्या टायरवर एक पट्टी लागू लागली. तीत ओल्या रस्त्यावरची पकड, इंधनाचा खर्च आणि बाहेर होणारा आवाज यांची प्रत दिलेली असते. ओल्या रस्त्यावरची पकड मोजताना मोटार ताशी ८० किलोमीटर वेगावरून २० पर्यंत आणतात व लागलेल्या अंतरावरून मंदनाचा हिशेब करतात. परंतु तो आकडा जसाच्या तसा कोणी वापरत नाही. त्याच दिवशी, त्याच डांबरावर, तेवढ्याच पाण्यात, एक प्रमाणित संदर्भ टायर आधीही धावतो आणि नंतरही, आणि नव्या टायरची प्रत त्याच्याशी असलेल्या गुणोत्तरावरून ठरते. संदर्भ टायर एकदा धावला की काम भागले असे नाही, कारण सकाळी नऊ वाजता थंड असलेली धावपट्टी दुपारी तापते, सततच्या ब्रेकने तिचा खरखरीतपणा बदलतो, वारा पाणी उडवून नेतो. आधीचा व नंतरचा असे दोन आकडे असले म्हणजे मधल्या काळात परिस्थिती किती सरकली ते दप्तरी नमूद होते. मला स्वतःला या व्यवसायातली सर्वांत सुंदर गोष्ट कोणती असे कोणी विचारले, तर एखाद्या नव्या यंत्राचे नाव न घेता मी या जुन्या, विक्रीला कधीच न जाणाऱ्या टायरकडे बोट दाखवीन.

कापडाच्या परीक्षेत संभ्रमकारी घटकाची भूमिका हवेतील दमटपणा बजावतो. कापसाचा तंतू ओलावा शोषतो आणि ओलावा शोषल्यावर, रेयॉनच्या उलट, अधिक मजबूत होतो. सबब एका गिरणीचे सूत श्रावणात आणि दुसरीचे वैशाखात ताणून पाहिले, तर जिंकणारी गिरणी श्रावणातली असण्याचा संभव फार. मुंबईत माटुंग्याला १९२४ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने जी तांत्रिक प्रयोगशाळा काढली, तेथे किंवा त्वेंतेच्या गिरण्यांच्या परीक्षणशाळेत, सूत यंत्राला लावण्यापूर्वी ठरावीक हवेत मुरवून ठेवणे अपरिहार्यच होते. आजचे प्रमाण सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के, तापमान थंड देशांत २० अंश आणि आपल्याकडे २७ अंश सेल्सियस असे आहे. आकडे वेगळे आहेत याला महत्त्व नाही. दोन्ही नमुन्यांना एकच हवा मिळाली की हवेचे तोंड बंद होते.

येथवर सर्व सुखाचे होते, कारण टायर कोणत्या चाकाला आणि सूत कोणत्या हवेत हे ठरवणे परीक्षकाच्या हाती होते. वस्तू एकदा दुकानातून बाहेर पडली की हा अधिकार संपतो. नेदरलंड्समध्ये हिवाळी टायर लावण्याची कायद्याने सक्ती नाही. सीमेपलीकडे जर्मनीत बर्फ वा गोठलेला रस्ता असेल तेव्हा ती आहे. एनस्खेडेचा जो रहिवासी हिवाळी टायर घेतो तो बहुधा कामासाठी वारंवार सीमा ओलांडणारा, किंवा डोंगरात सुट्टी घालवणारा, किंवा स्वभावतःच सावध, आणि वर्षातून दोनदा टायर बदलण्याचा खर्च परवडणारा असतो. त्याची मोटारही बहुधा नवी असते. अशा माणसांच्या अपघातांची संख्या इतरांच्या संख्येशी ताडून कोणी हिवाळी टायरचे माहात्म्य सांगू लागला, तर त्याने टायरची परीक्षा घेतली की माणसांची? उलटही होऊ शकते: हाच माणूस बर्फाच्या दिवशीही मोटार बाहेर काढतो, ज्या दिवशी उन्हाळी टायरवाला शेजारी घरी बसतो किंवा रेल्वेने जातो, आणि मग उत्तम टायर अपशकुनी ठरतो. संभ्रमकारी घटक नेहमी वस्तूला फुगवूनच दाखवतो हा समज म्हणूनच सोडून दिला पाहिजे. तो खरा गुण झाकूनही टाकतो, आणि झाकलेल्या गुणाबद्दल कोणी तक्रार करीत नाही.

या विषयाच्या इतिहासातील जे प्रकरण मला सर्वांत बोधप्रद वाटते, आणि ज्याला पुढे एक संपूर्ण प्रकरण दिले आहे, ते स्कॉटलंडमधील लॅनार्कशायरच्या दुधाचे. १९३० च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत तेथील ६७ शाळांतील सुमारे २०,००० मुलांवर प्रयोग झाला. ५,००० मुलांना रोज पाऊण पाइंट कच्चे दूध, ५,००० मुलांना तेवढेच पाश्चरीकृत दूध, आणि १०,००० मुलांना काहीच नाही; आरंभी व अखेरीस सर्वांची उंची आणि वजन. खर्च सुमारे ७,५०० पौंड झाला. त्या काळी एवढा मोठा आहारप्रयोग क्वचितच कोणी केला असेल. निष्कर्ष असा निघाला की दुधाने मुले वाढतात, आणि कच्च्या व पाश्चरीकृत दुधात फरक नाही.

पुढच्याच वर्षी बायोमेट्रिका या नियतकालिकात त्यावर टीका आली, ती 'स्टुडंट' या नावाने लिहिणाऱ्या विल्यम सीली गॉसेट यांची. हे गृहस्थ डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेत नोकरीला होते आणि लहान नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढावा यावरील त्यांचा १९०८ चा निबंध आज संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास शिकवला जातो. त्यांनी दाखवलेला पहिला दोष वाचताना वाईट वाटते, कारण तो दयाबुद्धीतून झाला होता. दूध कोणाला द्यावयाचे हे शाळांनी चिठ्ठ्या टाकून किंवा आडनावांच्या अनुक्रमाने ठरवावयाचे होते. परंतु एका गटात धष्टपुष्ट आणि दुसऱ्यात कृश मुले अधिक पडली असे दिसल्यास समतोल साधण्यासाठी अदलाबदल करण्याची मुभा होती. शिक्षकांसमोर एकीकडे फाटक्या कोटातले हडकुळे पोर आणि दुसरीकडे खाऊनपिऊन सुखी घरचे मूल असताना ही मुभा कोणत्या दिशेने वापरली गेली असेल हे सांगावयास ज्योतिषी नको. आरंभीच्याच नोंदी पाहता, दूध न मिळालेली मुले वजनात सुमारे तीन महिन्यांच्या आणि उंचीत सुमारे चार महिन्यांच्या वाढीने पुढे होती. म्हणजे प्रयोग सुरू होण्यापूर्वीच दोन्ही गट निराळे झाले होते, आणि त्यांना निराळे करणारी गोष्ट, गरिबी, हीच मुलांची वाढ ठरवणारीही गोष्ट होती.

दुसरा दोष कपड्यांचा. मुलांचे वजन अंगावरच्या कपड्यांसकट केले होते. पहिले ऐन थंडीत, दुसरे उन्हाळ्यात. सुस्थितीतल्या मुलाच्या अंगावरून जूनपर्यंत बरेच लोकरीचे वजन उतरले. गरीब मुलाच्या अंगावर फेब्रुवारीतही फारसे नव्हते, त्यामुळे त्याचे उतरण्यासारखे काही नव्हतेच. वजनाच्या वाढीतून कपड्यांची घट कोणाच्या वाट्याला अधिक वजा झाली, तर दूध न मिळालेल्यांच्या. आणि तेवढा लाभ दुधाच्या खात्यावर जमा झाला. तिसरा दोष कच्च्या-पाश्चरीकृत तुलनेचा: कोणत्याही एका शाळेत दोन्ही प्रकारचे दूध दिले गेले नव्हते, सबब दुधाचा प्रकार आणि शाळा, वस्ती, तिथली सुबत्ता ही सारी एकमेकांत विरघळून गेली होती. गॉसेट यांनी सुचवलेला उपाय तर प्रयोगकर्त्यांच्या जखमेवर मीठ चोळणाराच होता. एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घ्याव्यात, प्रत्येक जोडीतल्या एकाला कच्चे व दुसऱ्याला पाश्चरीकृत दूध नाणेफेक करून द्यावे. खर्चाच्या एक-दोन टक्क्यांत या २०,००० मुलांपेक्षा अधिक विश्वसनीय उत्तर मिळेल. हा हिशेब ज्याला एकदा नीट कळला त्याला, जाहिरातीत "एक लाख ग्राहकांचा अनुभव" असे वाचून, मग त्या लाखांत कोण कोण आले आणि कसे आले एवढेच विचारावेसे वाटते. मुलांची उंची वाढवणाऱ्या पेयांच्या जाहिराती आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. ते पेय महिन्याच्या किराण्यात बसवू शकणाऱ्या घरात दूध, डाळ आणि डॉक्टर यांनाही जागा असते.

चिठ्ठी टाकण्याची ही शिस्त मराठी माणसाला पाश्चात्त्यांकडून उसनी घ्यावी लागली, पण आपल्या माणसांनी ती आपल्या शेतांत नेली हेही सांगितले पाहिजे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरच्या संस्थेत कापसावर काम केलेले विनायक गोविंद पानसे या दोघांनी कृषिक्षेत्रातल्या कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींचा इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि देशभरच्या कृषी महाविद्यालयांत तो अनेक पिढ्यांनी वापरला. ज्वारीचे दोन वाण ताडून पाहावयाचे तर एक नाल्याकडच्या काळ्या पट्ट्यात आणि दुसरा बरडाकडच्या मुरमाड पट्ट्यात पेरून चालत नाही. शेताचे गट पाडावे, प्रत्येक गटात दोन्ही वाण असावेत, आणि गटातले कोणते तुकडे कोणाला हे चिठ्ठीने ठरावे. शेतकरी हे ऐकून हसतो, कारण कोणता तुकडा चांगला ते त्याला तोंडपाठ असते. पण चिठ्ठी ही त्याला ठाऊक असलेल्या फरकांसाठी नसतेच. कोणालाच ठाऊक नसलेल्या फरकांसाठी असते.

चिठ्ठी टाकणे जेथे अशक्य, तेथे काय करावे, हा खरा अवघड प्रश्न आहे, आणि बिअर त्याचे उत्तम उदाहरण आहे. वाइन पिणारे लोक बिअर पिणाऱ्यांपेक्षा निरोगी असतात असे युरोपातील पुष्कळ पाहण्यांत दिसले, आणि द्राक्षाच्या सालीत काय दडले आहे याचा शोध सुरू झाला. २००६ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी निराळीच वाट धरली. त्यांनी ९८ दुकानांतील सुमारे ३५ लाख खरेदीच्या पावत्या तपासल्या. वाइन घेणाऱ्यांच्या टोपलीत ऑलिव्ह, फळे, भाज्या, कमी स्निग्धांशाचे चीज अधिक निघाले. बिअर घेणाऱ्यांच्या टोपलीत तयार जेवण, साखर, चिप्स, लोणी आणि डुकराचे मांस. एनस्खेडेच्या भट्टीतून निघालेल्या बाटलीला जो दोष लागत होता त्यातला निदान काही भाग शेजारी ठेवलेल्या लोण्याचा होता. सगळा होता असे पावत्या म्हणत नाहीत, आणि आपणही म्हणू नये.

औषधांत हीच चूक महागात पडते. ऋतुनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो असे अमेरिकेतील मोठमोठ्या निरीक्षणांत वर्षानुवर्षे दिसत होते. १६,६०८ स्त्रियांना चिठ्ठीने औषध वा निरुपद्रवी गोळी देणारा प्रयोग २००२ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकार दोन्ही अधिक निघाले. औषध कोणत्या वयात सुरू केले यावर नंतर बराच खल झाला आहे. पण आधीच्या निरीक्षणांत औषध घेणाऱ्या स्त्रिया अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या आणि डॉक्टरांकडे नियमाने जाणाऱ्या होत्या, हे त्या निरीक्षणांच्याच दप्तरात पूर्वीपासून लिहिलेले होते.

अशा वेळी संशोधक गणिताने "जुळवणी" करतात: उत्पन्न सारखे असलेल्यांची तुलना सारख्यांशी, वय सारखे असलेल्यांची सारख्यांशी. उपाय उपयुक्त आहे, पण त्याच्यावर जो भाबडा विश्वास आज टाकला जातो तो मला मान्य नाही. उत्पन्न ही गोष्ट फॉर्मवर एका चौकोनात लिहिली जाते, आणि माणसाच्या संपन्नतेचा मोठा भाग त्या चौकोनाबाहेर उरतो. तो उरलेला भाग आपले काम करीतच राहतो. शिवाय जे जुळवू नये तेही जुळवले जाते. मऊ रबराने ब्रेकचे अंतर घटते का, हे पाहताना कोणी पकडीची प्रत सारखी असलेलेच टायर ताडले, तर उत्तर "नाही" येईल. कारण मऊ रबर पकडीच्याच द्वारे काम करते, आणि आपण नेमके तेच द्वार बंद केले. कोणता घटक कारणाच्या आधीचा आणि कोणता कारण व परिणाम यांच्या मधला, हे यंत्र सांगत नाही. वस्तू जाणणाऱ्याने सांगावे लागते. म्हणून टायरच्या अभ्यासकाला रबराची जाण हवी आणि दुधाच्या अभ्यासकाला शाळेची.

आणखी एका भेदाकडे वाचकाने लक्ष द्यावे. नेदरलंड्सचे बहुतेक महामार्ग सच्छिद्र डांबराचे आहेत. पावसाचे पाणी पृष्ठभागावर न साचता आत मुरून कडेला वाहते, आणि चाकाचा आवाजही त्यात बराच जिरतो. येथील पावसात पहिला आलेला टायर कोकणातल्या घाटरस्त्यावर जुलैत तिसरा आला, तर लगेच संभ्रमकारी घटकावर आळ घेऊ नये. दोन्ही परीक्षा निर्दोष असूनही हे घडू शकते, कारण टायरचा गुणच रस्त्यागणिक बदलतो. ही परस्परक्रिया आहे; ती दोष नसून माहिती आहे, आणि परदेशी प्रशस्तिपत्राच्या आधारे आपल्याकडे माल खपवणारे ती सहसा सांगत नाहीत.

आता या विद्येच्या दुरुपयोगाविषयी थोडे, कारण ज्याला संभ्रमकारी घटक हा शब्द नुकताच सापडला आहे त्याला तो सर्वत्र दिसू लागतो. १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, तेव्हा आक्षेप घेणाऱ्यांत अग्रभागी होते रोनाल्ड फिशर, म्हणजे चिठ्ठीच्या शिस्तीचे प्रणेतेच. त्यांचे म्हणणे असे की धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती दोन्ही एकाच आनुवंशिक मुळातून येत असतील; विडी निर्दोष असेल. फिशर स्वतः पाइप ओढीत आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते, याचा उल्लेख करणे भाग आहे. परंतु त्यांच्या आक्षेपाला उत्तर मिळाले ते या उल्लेखाने नव्हे. १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा हिशेब मांडला. धूम्रपान करणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण जर नऊपट असेल आणि धूम्रपान स्वतः निर्दोष असेल, तर तो अदृश्य तिसरा घटक धूम्रपान करणाऱ्यांत इतरांच्या निदान नऊपट आढळला पाहिजे. असा घटक असेल तर दाखवा. तो कोणाला दाखवता आला नाही. "काहीतरी दुसरे कारण असेल" एवढे म्हणून सुटका नाही. ते दुसरे कारण किती बलवान असावे लागेल हे आक्षेपकानेही मांडले पाहिजे, ही अट तेव्हापासून रूढ झाली, आणि आज कारखानदारांचे वकील एखाद्या अहवालाला हरकत घेतात तेव्हा तीच अट त्यांना लावली पाहिजे.

प्रस्तुत पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिले आहे त्यांत पहिले स्थान ग्राहक चळवळीतील कार्यकर्त्यांना आहे. मुंबईत १९६६ मध्ये भेसळीने त्रस्त झालेल्या नऊ स्त्रियांनी कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी काढली, पुढे १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली; नेदरलंड्समध्ये कॉन्सुमेंटेनबाँड ही संस्था १९५३ पासून वस्तूंच्या तुलनात्मक परीक्षा छापत आली आहे. अशा संस्थांच्या परीक्षा करणारे, वाचणारे आणि त्यांच्याशी भांडणारे या तिघांनाही उपयोगी पडावे अशी प्रकरणांची योजना आहे. पहिल्या भागात वाटप परीक्षकाच्या हाती असते अशा परीक्षा, टायर, सूत, बियाणे. दुसऱ्यात वाटप ग्राहक स्वतःच करतो अशा, आणि तेथेच संकेतस्थळांवरील ताऱ्यांच्या प्रतवारीचा विचार केला आहे, कारण तारे देणारा प्रत्येक जण आधी ती वस्तू निवडणारा आणि मग मत नोंदवण्याइतका खूश वा संतप्त झालेला असतो. सूत्रे शेवटी परिशिष्टात ठेवली आहेत. ती न वाचताही मजकूर समजेल. लॅनार्कशायरवरील प्रकरण मात्र कोष्टकांसह वाचावे अशी विनंती आहे, आणि तेही शाळांच्या यादीपासून, कारण बहुतेक वाचक ज्या यादीवरून पान उलटतात त्याच यादीत दोन्ही प्रकारचे दूध मिळालेली एकही शाळा नाही ही गोष्ट लिहिलेली आहे.